गाडी आहे तशी

देगलूर नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याला लागून मोहियोद्दीनभाईंचं गॅरेज. कामाला माणूस चोख, पण नाक फार मोठं. गाडी बिघडली तर दोष रस्त्याचा, पेट्रोलचा, नाहीतर चालवणाऱ्याचा. यांच्या हाताचा कधीच नाही. अशा माणसाची स्वतःची मोटरसायकल मात्र जुनाट, पेट्रोल ढोसणारी आणि चढावर काळा धूर ओकणारी. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलायच्या, मग आपलीकडे बघणार कधी?

मुखेडची साक्षी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. माझ्याकडे प्रिंट काढायला यायची. पीयूसीवाला गाडी जागेवर उभी करून धूर तपासतो. तीच गाडी गर्दीत, गचक्यांत, पुलाच्या चढावर किती धूर सोडते ते कोण बघतं, असा तिचा प्रोजेक्ट. मागच्या सीटवर तपासणीचा डबा बांधायचा, त्याची नळी सायलेन्सरमध्ये घालायची आणि गाडी नाक्यापासून विष्णुपुरीपर्यंत न्यायची. तिला जुनी गाडी हवी होती. मोहियोद्दीनभाईंनी स्वतःची देऊ केली, वर चहा पाजला. तिची अट एकच होती, गाडी आहे तशी पाहिजे, तिला हात लावायचा नाही.

आदल्या दिवशी बघतो तर भाई गाडी खोलून बसलेले. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटरच त्यांनी बदलला होता. गिऱ्हाइकाची एक गाडी दुरुस्त होऊन पडली होती, तिचा काढून आपल्या गाडीला चढवला. प्लग नवा, एअर फिल्टर नवा. पाहुणे गाडी पसंत करायला येणार आहेत का, असं मी विचारलं. ते हसले. मिस्त्रीचीच गाडी धूर सोडते हे कॉलेजच्या कागदावर कशाला जायला पाहिजे, म्हणाले.

माप उत्तम आलं. साक्षी खूश, भाई तिच्याहून खूश. पुढे गिऱ्हाईक आलं, त्याचा कार्बोरेटर त्याच्या गाडीत गेला आणि भाईंचा जुना पुन्हा जागेवर बसला.

एकाच गाडीचं माप दोनदा घेतात, हे भाईंना कुठून माहीत असणार? पंधरवड्यानं साक्षी डबा घेऊन दारात हजर. चार माणसांसमोर नाही म्हणायला तोंड नव्हतं. या वेळी विषारी वायू पहिल्याच्या चौपट निघाला.

तिच्या सरांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि विचारलं, यातले घरी बसून कोणते लिहिलेस? खरं सांगेपर्यंत प्रोजेक्टवर सही नाही. हे सांगायला साक्षी गॅरेजवर आली तेव्हा तिच्या मनात भाईंविषयी शंकासुद्धा नव्हती.

"चाचा, माझ्याच हातानं कायतरी चुकलं. तुमचा उगं टाइम गेला. माफ करा."

माफी ती मागत होती. भाई पाना हातात धरून नुसते उभे राहिले. तेव्हापासून ती माझ्या दुकानात आली की ते कुठल्यातरी गाडीमागे खाली बसायचे. समोरचं जेवण तसंच ठेवून उठतात, असं त्यांच्या पत्नी चांदबीभाभी सांगत होत्या. शेवटी माझं डोकं फिरलं. लेकराचं वर्ष बुडायला आलं आणि तुम्ही लपून काय बसता, असं मी त्यांना सरळ ऐकवलं. त्यांचे डोळे भरून आले. लाज वाटते म्हणाले, तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

मग त्याच गाडीवरून आम्ही दोघं कॉलेजात गेलो. पुलाच्या चढावर मागे काळा धूर निघत होता. मी वळून बघितलं, त्यांनी बघितलं नाही.

सर होते, साक्षी होती. भाई खुर्चीवर बसले नाहीत.

"सर, पोरीचे दोन्ही आकडे खरे हायत. गाडी खोटी होती. मीच बनवली होती."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग साक्षीला म्हणाले, तिसऱ्यांदा माप घे, मी सही करतो. साक्षी रागावली असती तर भाईंना बरं वाटलं असतं. ती एवढंच बोलली, "मी तर माझीच चूक समजून रोज डब्याच्या नळ्याच बदलून राहिले होते, चाचा."

तिसऱ्या मापाला ती सकाळी आली. गाडीला कुणी बोट लावलं नव्हतं. तिनं डबा बांधला, नळी बसवली आणि यापूर्वी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"चाचा, गाडी आहे तशीच हाय ना?"

"हाव, बेटा."

तिनं मान डोलावली. तरीसुद्धा खाली वाकून कार्बोरेटरकडे बघू लागली. तिला नीट दिसावं म्हणून भाईंनी गाडी उजेडाकडे वळवून दिली.