तूर नेमकी कोणत्या गावची

आमच्या कंपनीचा इतिहास कोणी विचारला तर मी कारंज्याच्या डाळमिलपासून सुरुवात करतो. खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या, कंपनी काढणारे सर आणि मी, एवढीच तेव्हा कंपनी. धंद्यातले आकडे नकाशावर दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. मी घरातला पहिला पदवीधर, आणि ही पहिली नोकरी.

मिलचे शेठ आमचं पहिलंच गिऱ्हाईक. कोणत्या गावातून किती तूर येते, हे मिलच्या फाटकावरच्या रजिस्टरातून काढून आम्ही दाखवलं. शेठ हसले. "कामरगावातून एकही पोतं नाही? मशीन झोपून राह्यली काय तुमची? शुक्रवारपर्यंत पाहतो, नाही तं उचला आपलं सामान."

सरांनी दोन दिवस प्रोग्राम तपासला. चूक सापडेना. मी कामरगावचाच. आमची तूर जाते कुठं, हे मला चैन पडू देईना. गुरुवारी सकाळीच फाटकावर जाऊन उभा राहिलो. आमच्या गावात कोणाकडेच पिकअप नाही; शेजारचे काका परगावच्या भाड्याच्या पिकअपमधून पोती घेऊन आले. चौकीदारानं काही न विचारता भलत्याच गावाचं नाव लिहिलं.

"काका तं कामरगावचे हायेत," मी म्हणालो.

"मले काय करायचं? गाडी ज्या गावची, ते गाव लिवतो मी. इतके वर्सं झाले, कोनी इचारलंच नाही."

आम्ही रजिस्टरात शेतकऱ्याच्या गावाचा रकाना वाढवला आणि रात्री बसून जुन्या नोंदींतल्या शेतकऱ्यांची गावं चौकीदाराला विचारून दुरुस्त केली. शुक्रवारी नकाशावर कामरगाव सगळ्यात गडद, म्हणजे सगळ्यात जास्त तुरीचं, दिसलं.

"हे तं मले माईतच होतं," शेठ म्हणाले, आणि करारावर सही केली.