माझ्या साडूचा मेहनती आळस

माझ्या साडूइतका मेहनती आळशी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत दुसरा झाला नाही. एकच काम पुन्हा करावं लागणं हा तो स्वतःचा अपमान समजे, आणि तो टाळण्यासाठी वाटेल तेवढे कष्ट उपसायची त्याची तयारी असे. घाटकोपरच्या त्याच्या चाळीत पहाटे पाणी येई. ते आलं का हे उठून बघायचा कंटाळा, म्हणून त्याने बरेच दिवस खपून नळाखाली डबा असा टांगला की पाणी पडताच घंटा वाजावी. घंटेने शेजारपाजार उठे, हा घोरत राही. माझी मेहुणी म्हणे, "घंटा तुमची, उठायचं मी."

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत आम्ही दोघेही होतो. कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे, साडू माझ्या हाताखाली. मालाची सगळी नोंद एका युनिक्स मशीनवरच्या डेटाबेसमध्ये असे. रोज तिची टेपवर प्रत घ्यायची, डिस्कवर जागा उरली का पाहायचं, जुन्या फाइली काढायच्या, सकाळी डेटाबेस पुन्हा सुरू करायचा. त्यासाठी पडद्यासमोर बसून त्याच त्या आज्ञा टाईप करायच्या. साडूने ते थोडे दिवस सोसलं. मग कुणाशी न बोलता त्याने त्या साऱ्या आज्ञा फाइलींत ओळीने लिहून ठेवल्या, आणि मशीन ठरल्या वेळी त्या आपणहून पाळू लागलं. फाइलींना नावं घरातली. 'सासू' कानाकोपरा धुंडाळून चुका काढी. 'जाऊबाई' मूळ नोंद आणि टेपवरची प्रत शेजारी ठेवून फरक शोधी. माणसाने करायचं एकच काम उरलं, त्यासाठी पडद्यावर हुकूम उमटे: 'टेप बदल, मग चहा पी.' ऑपरेटर दोन्ही निमूट करत.

"सासूबाईंना कळलं तर रे?" मी विचारलं.

"कळू दे ना. मान दिलाय मी त्यांना."

मग तो टेपांच्या कपाटावर पाय टाकून चणे खात बसू लागला. नव्या साहेबांनी त्याला तसंच पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "हा माणूस दिवसभर करतो काय?"

त्याने काय करून ठेवलंय हे सांगायला फार वेळ लागला नसता. पण साडूची बाजू घेतो म्हणतील, ही धास्ती. म्हणालो, "सध्या तसं विशेष काही नाही."

त्याची बदली चेंबूरच्या गोदामात झाली, खोकी मोजायला. दुसऱ्या दिवशी मशीन नेहमीसारखं चाललं. पुढेही चालतच राहिलं. साहेब मला म्हणाले, "बघितलंत? काही अडलं का त्याच्यावाचून?" मी मान हलवली.

एका रविवारी त्याच्याकडे जेवताना न राहवून विचारलं, "जाताना ते सगळं बंद का नाही केलंस? धावत आले असते तुझ्याकडे."

बांगड्याचा काटा काढत तो म्हणाला, "मेल्या, चालतंय ते बंद करायला पण काम करावं लागतं ना." सगळे हसले. मेहुणी भात आणायला आत गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "आणि आधी तुझी खुर्ची गेली असती रे."

तो गोदामातूनच निवृत्त झाला, आणि आता तर नाहीच. माझ्या निरोपसमारंभात माझं कौतुक झालं की माझ्या कारकिर्दीत मशीनरूम कधी अडली नाही. मी हात जोडून हार घालून घेतला. ती मशीनरूम तो चालवत होता, चेंबूरला खोकी मोजत.