नाझ्झारेनोची भिंत

आमच्या रोक्काल्बा गावच्या किल्ल्याची चावी एर्सिलियामावशीच्या स्वयंपाकघरात, लसणाच्या माळेशेजारी टांगलेली असायची. पाहुणा खालून हाक मारायचा, की मावशी पिठाचे हात पुसत चढायला लागायची. बुरूज कुठल्या सरदारानं बांधला, कुठल्या बिशपनं बळकावला, हे ती भराभरा उरकायची. मग खालच्या कोठडीत नेऊन भिंतीवर कोरलेली वेडीवाकडी अक्षरं दाखवायची: नाझ्झारेनो.

महायुद्ध संपेपर्यंत किल्ल्यात तुरुंग होता. सरदाराच्या रानातली लाकडं तोडली म्हणून मावशीच्या बापाला, नाझ्झारेनोला, तिथे डांबलं. तिथेच तो नाव लिहायला शिकला आणि तिथेच तापानं मेला. मावशी तेव्हा दोन वर्षांची. बापाचा फोटो नाही, थडगं नाही. होतं ते एवढं नाव.

छत सहा वर्षं गळत होतं. नगरपालिकेत खेटे घालून मावशीच्या चपला झिजल्या. शेवटी शहरातून एक वास्तुतज्ज्ञ आले. किल्ला म्हणे मूळ रूपात आणायचा, म्हणजे आमचे आजे-पणजे पुसून.

"साहेब, काय हवं ते करा, तेवढी एक भिंत सोडा," मावशी म्हणाली.

"काळजीच सोडा, मावशी. चावी द्या आणि निवांत बसा."

"देऊ नकोस गं," मी तिला बाजूला घेऊन म्हटलं. "फार गोड बोलतोय."

"गप रे. तू गवंडी, तुला काय कळतं? शिकलेला माणूस आहे."

दिली चावी. उद्घाटनाला मावशी ठेवणीतला काळा झगा घालून आली. सरदाराच्या नातवाला पहिल्या रांगेत खुर्ची, मावशी उभी. भाषणं आटोपल्यावर ती खाली गेली. कोठडीची भिंत पांढरीफटक. दारावर पाटी: 'सरदारांचे धान्याचे कोठार'.

ती रडली नाही. केसातला आकडा काढला आणि ओलसर गिलाव्यावर बापाचं नाव पुन्हा कोरलं.

सहा वर्षं गळकं छत न दिसलेल्या नगरपालिकेला हे नाव दुसऱ्याच सकाळी दिसलं. कुलूप बदललं. मावशीला किल्ला बंद. शहरातले कारागीर परत गेले होते आणि गावात गवंडी मी एकटाच. नाव गिलाव्यानं बुजवायला मला बोलावणं आलं. नाही म्हणता आलं असतं, पण पुढची कामंही त्यांच्याच हातात होती. मी गेलो. लाज वाटली, तरी गेलो.

घमेलं घेऊन चढताना मावशी तिच्या दारात उभी होती. तिनं माझ्या थापीकडे पाहिलं.

"नीट कर हो," ती म्हणाली. "त्या शहरवाल्यांना कुठे माहीत होतं, आत कोण आहे ते."