नाईककाकांच्या आगबोटी कोणत्या नियमाने चालायच्या?

आमच्या रविवारच्या कंपूचे किस्से इतके साठलेत, की त्यांना जागा लागत नाही हे नशीब. सगळी जागा आगबोटींनी खाल्ली आहे! मयूर विहारमधल्या नाईककाकांच्या फ्लॅटवर माळ्यावर बोटी, फ्रिजवर बोटी, देव्हाऱ्याखालच्या खणातसुद्धा बोटी. मी वाढवून सांगतो असं आमची ही म्हणते. पण पुढचं सगळं घडलेलं आहे. बिल्कुल!

काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. बोटींवर वाफेचं इंजिन आलं होतं, पण शिडं अजून उतरली नव्हती, त्या काळातल्या लढाऊ आगबोटी ते बोटाएवढ्या आकारात घडवतात. आम्ही तिघं त्या टेबलावर लढवतो. मी, नोएडाच्या आयटी कंपनीतला आमचा पुणेकर इरफान शेख, आणि पाटणकरबाई, ज्या केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी आहेत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, खेळणी असतील. काकांनी हातात भिंग दिलं. टूथपेस्टच्या ट्यूबच्या पत्र्याचं चिलखत, रिफिलच्या तोफा, टाचणीच्या डोलकाठ्या. आणि मागच्या बाजूला, दोरीवर, तांदळाच्या दाण्याएवढा एक शर्ट वाळत घातलेला!

"काका, हा शर्ट कशाला?"

"अहो, खलाशांचाही रविवार असेल की!"

* * *

यंदा काकांनी बॉम्ब टाकला. मुलीकडे पुण्याला चाललो, कायमचा.

"आणि बोटी?" आम्ही तिघं एका सुरात.

"तुमच्यात खेळाचे नियम तीन, प्रत्येकाचे वेगळे. तीन नियम म्हणजे सहा महिन्यांत तीन घरांत तीन आरमारं, आणि खेळ बंद. मी निघायच्या आत एक खेळ एकमताने ठरवा. बोटी इथे राहतील. नाहीतर मुलीने हॉलमध्ये काचेचं कपाट करून ठेवलंय."

काचेचं कपाट! आत दिवे लावलेलं! इरफानने पोह्यांची बशी खाली ठेवली. त्याच्या हातून पोहे सुटलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

* * *

आधी पाटणकरबाईंचे आवडते नियम. त्या नियमांना आम्ही 'मुनीम' म्हणतो. प्रत्येक बोटीचा कोळसा मोजायचा, वाफेचा दाब मोजायचा, मगच बोट वीतभर पुढे. सकाळी लढाई सुरू झाली. दुपारी आमची ही मला न्यायला आली आणि टेबलाकडे बघून म्हणाली, "बोट अजून तिथेच? मी गाझियाबादला जाऊन आले!"

शेवटी भर समुद्रात सगळ्यांचा कोळसा संपला. आम्ही हताश. बाईंनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "शिडं उभारते."

शिडं! आम्ही ती विसरूनच गेलो होतो. बाईंचं आरमार वाऱ्यावर डौलात आमच्या मधून निघून गेलं, आणि आम्ही दोघं उघड्या तोंडाने बघत राहिलो.

"पर्यायी व्यवस्था आधीपासूनच होती," बाई म्हणाल्या.

* * *

मग इरफानचे 'झटपट'. दोन फासे टाका, बोट बुडवा, चलो, नेक्स्ट! उपमा निवायच्या आत काकांची सगळ्यात मोठी बोट तळाला. काका तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"यार काका, कस्टमरला रिझल्ट लगेच हवा असतो!"

"हो ना," काका म्हणाले. "म्हणून तर तिला एवढं जाड चिलखत घातलं होतं."

खरंच, त्या काळात अशा दोन बोटी तासन्‌तास एकमेकींवर गोळे मारायच्या आणि गोळे नुसते उडून जायचे म्हणे. इरफानने बोट हळूच उचलली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि परत समुद्रात ठेवली. पुढे दिवसभर त्याने फासे असे टाकले, जणू अंडी ठेवतोय!

* * *

माझे लाडके नियम 'हुकूम'. सगळ्यांनी आपापला हुकूम एकदम जाहीर करायचा, आणि नवा हुकूम देईपर्यंत बोट आहे त्याच दिशेला जाणार. त्या दिवशी काका सेनापती, बाई त्यांच्या हाताखाली, मी शत्रू.

"सर, वळू का?" बाईंनी विचारलं. काकांना त्या नेहमी सरच म्हणतात.

काका मुलीशी फोनवर. बाई थांबल्या. बोट मात्र थांबली नाही! सरळ आली ती माझ्या रांगेत घुसली आणि नाकावरच्या लोखंडी चोचीने माझं निशाण फडकवणारं मुख्य जहाज मधोमध फोडलं. मी तोफा तिसरीकडेच रोखलेल्या. इतकं धाडस मी कधी पाहिलेलं नाही!

"बाई, हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचलं काही नाही. वळायची मंजुरीच आली नाही."

* * *

एक रविवार नोव्हेंबरातला, गच्चीवर. तोफा उडाल्या की धूर म्हणून आम्ही कापूस ठेवतो. इरफानने कापसाची पिशवी उघडलीच नाही. "आज ओरिजिनल आहे!" टेबलाचं दुसरं टोक दिसेना. मी अंदाजाने तोफ डागली, तर समोरच्या धुक्यातून कुणा शेजाऱ्याचा आवाज आला, "भाईसाहब, जंग ख़त्म हो गई हो तो कपड़े सुखा लूँ?"

* * *

आणि मग काकांचा शेवटचा रविवार. तिघांची मतं अजून तीनच. गच्चीवर निळी ताडपत्री, तिच्यावर अख्खं आरमार एका रांगेत, तोंड पूर्वेला. पूर्वेच्या टोकाला थर्माकोल भरलेली पॅकिंगची खोकी उघडी ठेवलेली. चहानंतर बोटी त्यांत जाणार होत्या.

आम्ही चौघं खाली चहाला गेलो. माकडं येतात म्हणून काकांनी गच्चीला कुलूप घातलं, किल्ली खिशात. कोणीही उठलं नाही. हे मी शपथेवर सांगतो.

वर आलो. काकांनी कुलूप काढलं आणि दारातच थांबले.

सगळं आरमार वळलं होतं. खोक्यांकडे पाठ, तोंड पश्चिमेला. रांग सुतात. एक बोट कलंडलेली नाही, एक डोलकाठी वाकलेली नाही.

"वारा?" इरफान हळूच म्हणाला. ताडपत्रीला एक सुरकुती नव्हती.

काका मोजपट्टी घेऊन वाकले. दोन बोटींमधलं अंतर मोजलं. पुढच्या दोन. त्याच्या पुढच्या दोन. सगळीकडे अगदी सारखं. मग त्यांनी डोक्यावरची कानटोपी काढली.

"पाटणकर, हे तुम्ही?"

"सर, तुमच्या मंजुरीशिवाय?"

काकांनी मोजपट्टी खिशात टाकली. मग खोक्यांची झाकणं एकेक करून लावली. रिकाम्या खोक्यांची.

"हे वळण ज्या नियमात बसतं," ते म्हणाले, "तोच तुमचा खेळ. शोधा."

काका पुण्याला गेले. बोटी इरफानच्या घरी आहेत आणि आम्ही दर रविवारी शोधतोय. मुनीम, झटपट, हुकूम, तिन्ही उलटेसुलटे करून झाले. तिन्हींत ते वळण बसत नाही.

परवा बाईंनी भिंगातून त्या शर्टाच्या बोटीकडे पाहिलं आणि भिंग माझ्याकडे दिलं.

दोरी होती. शर्ट नव्हता.