पिवळी ज्वाला

गेल्या रविवारी दुपारी एक वाजता, राऊमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, वीस पाहुण्यांदेखत एका शेगडी दुरुस्त करणाऱ्याला चोर म्हटलं गेलं. त्याचं नाव आम्ही कोणी विचारलंही नव्हतं.

तो मल्हारगंजातून स्कूटरवर आला होता. पार्टीसाठी यजमानांनी लावलेल्या गॅसच्या ग्रिलचा एक बर्नर तापत नव्हता. त्याने तिन्ही बर्नर एकेक करून पेटवले आणि डोळे मिटून प्रत्येकाचा आवाज ऐकला. दोन ज्वाला निळ्या होत्या. तिसरी पिवळी, वीतभर उंच. त्याने सिलिंडर बंद केला, त्या बर्नरचा, बारीक भोकातून गॅस सोडणारा पितळी जेट काढला आणि उजेडात धरला.

“भोक कोणी मोठं केलं, भिया?”

“मीच. आच वाढावी म्हणून ड्रिल मारलं,” यजमान हसले. “इंजिनियर आहे मी!”

“ज्वाला वाढली, आच नाही. कधीही भडकेल, आणि इथं पोरं खेळतायत. उद्या नवा जेट आणतो. आज ग्रिल बंद.”

“अरे यार, पनीर लावून ठेवलंय! तोच बसव परत.”

त्याने जेट खिशात घातला. “शिव्या द्या, पर हा मी लावणार नाही.”

“चोर साला! पार्ट घेऊन चालला!”

त्याने पाना पुसला, पिशवीत ठेवला आणि जिना उतरला. आम्ही सगळे गप्प होतो, मीही.

त्या संध्याकाळी आमची पोरं धडधाकट घरी आली, ती त्याच्या नकारामुळे. तुमच्याकडे कारागीर “हे चालू करणार नाही” म्हणाला, तर ते बंद ठेवा. आणि त्याला कोणी चोर म्हणालं, तर तिथल्या तिथे तोंड उघडा.