हौद मोठा, झरा बारका

आबा कुठलीही वस्तू घेण्याआधी तिला थाप मारायचे. कलिंगड असो, पत्र्याचा डबा असो, नाहीतर ट्रॅक्टरचं टायर. डोकं तिरपं करून आवाज ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "पुरंल." तुमच्याही गावात असा एखादा म्हातारा असेल, ज्याचा तळहात हीच तपासणी आणि ज्याचा शब्द हाच दाखला. पिंपळीच्या आमच्या आबांनी अशीच थाप मारून एक कॉम्प्रेसर घेतला. मी शेजारी उभी होते.

त्यांचं वर्कशॉप आमच्या घरासमोर. पत्र्याची शेड, दाराशी पेरूचं झाड. जुने पंप, कारखान्याच्या यंत्रांचे गंजलेले भाग तिथं यायचे आणि चांदीसारखे होऊन परत जायचे. हे काम ब्लास्टिंगच्या पेटीत चालतं. पेटी बंद, समोर काच. पेटीलाच जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून आतली बंदूक धरायची आणि हवेच्या जोरानं खरखरीत दाणे मारून गंज उडवायचा. धूळ पेटीतच राहिली पाहिजे. बाहेर आली तर माणसाच्या छातीत जाते.

हेच मी कामगारांसाठीच्या पत्रकांत लिहायचे आणि वाटत फिरायचे. म्हणून आबा मला पत्रकबाई म्हणत. "ये गं पत्रकबाई. आज कुणाला शिव्या?"

बंदुकीला हवा पुरवणारा जुना कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा मी हट्टानं त्यांच्या टेम्पोत चढले आणि बारामतीच्या दुकानात गेले. दुकानदार शहाणा होता. म्हणाला, "आबा, टाकी नका बघू. तुमची बंदूक सारखी हवा खाती. मशिन मिनिटाला किती हवा देतंय, ते बघा. टाकी लहान घ्या, मशिन मोठं घ्या, आन् धूळ ओढायचा पंखा बसवा."

आबा सरळ सगळ्यांत मोठ्या टाकीपाशी गेले. थाप मारली. टाकी देवळातल्या घंटेसारखी घुमली.

"ही बघ. शेततळंच की! लाईट आली की भरून घ्यायचं, मग दिवसभर सोडायचं."

"एका दमात रिकामं हुईल ते. हौद मोठा, झरा बारका हाय ह्यो."

"मला पाणी शिकवतो व्हय रं?"

"आबा, निदान पंखा तरी घ्या," मी म्हणाले.

"आमी धुळीतच जल्मलो, पोरी. हवा पुरंल."

आमच्याकडे साठवणारा शहाणा. कॅनॉलच्या पाण्याचं आवर्तन येतं आणि जातं, लाईटीचा भरवसा नाही, म्हणून ज्याचं तळं मोठं त्याचं पीक उभं. आबांनी त्याच शहाणपणावर संसार उभा केला होता. ते खोटं नव्हतं. हवेला ते लागू नव्हतं, एवढंच.

दुकानदाराचं पहिल्याच दिवशी खरं झालं. बंदूक जोरात फुसफुसली, मग दमली. टाकी भरेपर्यंत आबा पेटीचं झाकण उघडून आत बघत बसले. आतली धूळ ढगासारखी त्यांच्या तोंडावर आली. काही दिवसांत पेटीची काचही दाण्यांनी खरवडून आंधळी झाली, तेव्हा झाकण कायमचंच उघडं राहिलं. तोंडाला उपरणं बांधायचं आणि चालू. मी माझं पत्रक शेडच्या भिंतीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी आबा त्याच कागदानं काच पुसत होते.

"कागद ब्येस हाय तुझा. अजून दे चार."

हसले मी. अजून राग येतो त्या हसण्याचा.

मग दमलेल्या हवेला जड दाणे झेपेनात. आबांनी ते टाकून दिले आणि नरसिंहपूरच्या संगमावरून नदीची बारीक वाळू आणली. पेरूखाली ढीग पडला. मी भांडायला गेले. वाळू फुटते, तिचं पीठ होतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं आणि पुन्हा निघत नाही, सगळं सांगितलं.

आबांचा चेहरा उतरला. "संगमाची वाळू हाय ती. तितं प्रल्हादानं वाळूचा देव केला, आन् तू तिला इष म्हंतीस?"

यावर कुठलं पत्रक लिहायचं?

कारखान्याचा साहेब माल घ्यायला यायचा. भागावरून बोट फिरवायचा, म्हणायचा, "वा आबा, एकदम पांढरं!" आबांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्या त्याला कधी दिसल्या नाहीत. ज्यांना लोखंडावरचा डाग दिसतो आणि माणसावरची धूळ दिसत नाही, त्यांना आपण साहेब म्हणतो!

आबांना खोकला लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" आबा ताठ बसून म्हणाले, "शेती." आपल्याकडे दुसरं उत्तर देतं कोण? मी मध्ये तोंड घातलं तर आबांनी हात दाबला. चारचौघांत शेतकरीच राहायचं होतं त्यांना. डॉक्टरांनी क्षय धरला आणि त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. वाळूला गोळ्या कळत नाहीत.

शेवटी शेवटी ते पेरूखाली बाजेवर बसत. दोन शब्द बोलायचे, थांबायचे, छाती भरायची वाट बघायचे, मग पुढचे दोन. एकदा त्यांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली, डोकं तिरपं करून ऐकलं.

"पत्रकबाई... हौद मोठा हाय गं." दम घेतला. "झरा आटला."

तेरावं झाल्यावर डाळज गावचा एक जण कॉम्प्रेसर बघायला आला. त्यानं टाकीला थाप मारली. टाकी घुमली.

"काकू, दणदणीत हाय. हवा पुरंल."

"न्हाय पुरत," आबांच्या बायको म्हणाल्या. शेडमधल्या कामाबद्दल त्या पहिल्यांदाच काही बोलत होत्या.

तो हसला. बाईमाणसाला काय कळतंय! त्यानं आणि त्याच्या गड्यानं मिळून टाकी आपल्या टेम्पोत चढवली. मग त्याची नजर पेरूखाली गेली. "आन् ही वाळू? हीबी टाका की."

काकूंनी अंगणातल्या हौदातून बादली भरली आणि ढिगावर ओतली. मग दुसरी. ओली वाळू बंदुकीतून जात नाही. तो टेम्पो घेऊन निघून गेला.

ऊन कडक होतं. वाळू संध्याकाळपर्यंत पुन्हा सुकणार, हे काकूंनाही माहीत होतं. त्या ओतत राहिल्या.