पोळ्याची 'कर' अन् भोपाळचे साहेब

मंडळी, आज दुपारी घामच फुटला!

ऑफिसचं मेल अन् कॅलेंडर मी पांढुर्ण्यात घरच्या जुन्या लॅपटॉपवर, मुक्त सॉफ्टवेअरमधून वापरून राहिलो. न विचारता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात माझ्यापुरतं लिहिलं, 'कर'. ते गेलं सगळ्या ऑफिसच्या कॅलेंडरात.

भोपाळहून साहेबांचा फोन. "पूरे दिन 'कर' लिखा है. क्या करना है?"

बायको हसून म्हणे, "सांगा आता!"

मी सांगितलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही 'कर' म्हणतो. त्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा असते, रस्ते बंद असतात. सॉफ्टवेअरचंही सांगून टाकलं.

साहेब "अच्छा" म्हणाले अन् फोन ठेवला.

थोड्या वेळानं पाहतो तर त्या दिवसाची मीटिंग गायब. तिथं लिहिलेलं, "कर. कुछ मत कर."

दरवर्षी सुटीचा अर्ज करून जे जमलं नाही, ते एका चुकीनं जमलं. तुमच्या गावची सुटी ऑफिसला समजते का?